तालाचा धनी चिक वेब

अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जन्मलेल्या चिक वेबला बाळपणींच पाठीच्या कण्याचा क्षय जडला. पाठ वांकली, उंची खुंटली. परंतु ड्रम वाजविण्याचा ध्यास ढळला नाहीं. पुढें न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील सॅव्हॉय नृत्यगृहांत त्याचा वाद्यवृंद नांवारूपास आला. तेथें स्विंग संगीतावर लिंडी हॉप नृत्य चाले. नर्तकांच्या पावलांवर दृष्टि ठेवूनच तो ताल देई. म्हणूनच १९३७ सालीं बेनी गुडमनच्या विख्यात वाद्यवृंदाशीं तेथें झालेल्या सामन्यांत कौल वेबलाच मिळाला. १९३९ सालीं तो निवर्तला. ज्या देहाला ताठ उभें राहतां येईना, त्यानेंच हजारों पावलांना गति दिली! नृत्याचें संगीत नाचणाऱ्यासाठीं असावें, वादकाच्या मिरवणुकीसाठीं नव्हे, हाच त्याच्या चरित्राचा बोध होय.