भारतीय अवकाशयुगाचे प्रणेते : डॉ. विक्रम साराभाई

अहमदाबादच्या जैन समाजात साराभाई घराण्याला मानाचे स्थान होते. गिरणी व्यवसायातून लाभलेल्या संपत्तीचा समाजासाठी विनियोग करणे, ही या घराण्याची रीत होती. १९१५ साली महात्मा गांधींनी कोचरबच्या आश्रमात अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका कुटुंबाला प्रवेश दिला, तेव्हा आश्रमाला मिळणारी मदत आटली. त्या बिकट प्रसंगी शेठ अंबालाल साराभाई यांनी तेरा हजार रुपयांचे गुप्तदान दिले. अशा या अंबालाल आणि सरलादेवी यांच्या पोटी १२ ऑगस्ट १९१९ रोजी विक्रम यांचा जन्म झाला.

केंब्रिजमध्ये १९४० साली पदवी संपादन करून ते मायदेशी परतले. महायुद्धाच्या काळात त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचे संशोधन केले. युद्ध संपल्यावर पुन्हा केंब्रिजला जाऊन १९४७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची स्थापना केली. एका विज्ञान महाविद्यालयातील मोजक्या खोल्यांत सुरू झालेली ही संस्था पुढे भारतीय अवकाश संशोधनाची जननी ठरली.

१९६२ साली अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमण्यात आली व तिची धुरा साराभाईंकडे आली. अग्निबाण प्रक्षेपणासाठी त्यांनी केरळमधील तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा या मच्छीमारांच्या गावाची निवड केली. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते. त्या पट्ट्यात सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर विद्युत्प्रवाह वाहतो. तेथवर फुगे पोहोचत नाहीत आणि उपग्रह त्याच्याही वरून फिरतात. म्हणून त्याच्या अभ्यासासाठी अग्निबाण हेच योग्य साधन होते.

परंतु त्या जागेवर सेंट मेरी मॅग्डलीन हे चर्च व कोळ्यांची वस्ती होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी हा विषय भाविकांपुढे मांडला आणि त्या गरीब माणसांनी देशाच्या कार्यासाठी आपले प्रार्थनास्थळ व घरे देऊ केली. चर्चची वास्तू संशोधकांचे कार्यालय झाली. सुटे भाग सायकलवरूनही वाहून नेले जात. अशा परिस्थितीत २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण झेपावला. तो अमेरिकी बनावटीचा होता. अवघ्या चार वर्षांत, नोव्हेंबर १९६७ मध्ये, 'रोहिणी-७५' हा स्वदेशी अग्निबाण आकाशात गेला. या कार्यात डॉ. एकनाथ चिटणीस आणि डॉ. वसंत गोवारीकर या महाराष्ट्रपुत्रांचाही मोलाचा वाटा होता.

उपाशी देशाने अग्निबाणांवर पैसा का खर्चावा, असा प्रश्न त्या काळी विचारला जाई. चंद्रावर पोहोचण्याच्या शर्यतीत श्रीमंत राष्ट्रांशी स्पर्धा करणे हे साराभाईंचे ध्येय नव्हते. हवामानाचा अंदाज, दळणवळण आणि खेड्यापाड्यांतील शिक्षण यांसाठी हे तंत्रज्ञान त्यांना हवे होते. याच दृष्टीने १९६९ साली इस्रोची स्थापना झाली. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचली आणि त्या प्रश्नाला कृतीतून उत्तर मिळाले.

ते पाहण्यास मात्र साराभाई हयात नव्हते. डॉ. होमी भाभा यांच्या अपघाती निधनानंतर १९६६ पासून अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले होते. कार्याचा भार वाढतच गेला आणि ३० डिसेंबर १९७१ रोजी, थुंब्यापासून जवळच असलेल्या कोवलम येथे, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.

थुंब्यातील संस्थांचे एकत्रीकरण होऊन त्यांना विक्रम साराभाई अवकाश केंद्र हे नाव देण्यात आले. याच केंद्रात विकसित झालेल्या एसएलव्ही-३ या वाहकाने १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवालगतच्या प्रदेशात अलगद उतरलेल्या भारतीय यानाचे नावही 'विक्रम' हेच होते. कोळ्यांनी दिलेले ते चर्च आज अवकाश संग्रहालय म्हणून उभे आहे. लक्ष्मी आणि सरस्वती या दोहोंचे वरदान लोककल्याणासाठी वाहणाऱ्या या थोर विज्ञानोपासकाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!