पीएच.डी.चा प्रबंध आधी, पदवी १९२७ मध्ये

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्या पदव्यांच्या अटी मात्र आपण क्वचितच वाचतो.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि पाठोपाठ पीएच.डी.चा प्रबंधही लिहिला. पण कोलंबियाचा नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी नाही. छपाईला पैसे कुठून आणायचे? प्रबंध पुस्तकरूपाने निघाला १९२५ मध्ये, पदवी रीतसर मिळाली १९२७ मध्ये. तोवर चवदार तळ्याचा सत्याग्रहही झाला होता!

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी शिफारसपत्र दिले. १९१६ मध्ये प्रवेश झाला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. शिष्यवृत्ती अडली म्हणून संशोधन सोडायला निघालेल्या आमच्या मित्रांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी आणि मित्र नवल भथेना यांनी हातभार लावला आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी परत केला. मुंबईत बसून त्यांनी तो पुन्हा लिहून पाठवला. १९२३ मध्ये तो मंजूर झाला.