मुष्टियोद्धे पयाव पूनतरत

पहिला क्रमांक हुकला म्हणून खिन्न होऊन बसणारे विद्यार्थी आम्ही नित्य पाहतों. त्यांच्यापुढें थायलंडच्या एका मुष्टियोद्ध्याचें चरित्र ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

पयाव पूनतरत हे प्रचुआप खीरी खान या समुद्रकांठच्या प्रांताचे. थायलंड १९५२ पासून ऑलिंपिक सामन्यांत उतरत होतें. परंतु चोवीस वर्षें त्यास एकही पदक लाभलें नव्हतें. १९७६ सालीं माँट्रियल येथें पयाव ४८ किलोग्रॅमच्या गटांत लढले. उपांत्य फेरींत उत्तर कोरियाच्या योद्ध्यानें त्यांस हरविलें. सुवर्ण गेलें, तथापि त्यांना मिळालेलें कांस्यपदक हेंच त्यांच्या राष्ट्राचें पहिलें ऑलिंपिक पदक ठरलें. पहिल्या सुवर्णासाठीं १९९६ साल उजाडावें लागलें. तेंही मुष्टियुद्धांतच मिळालें.

पुढें पयाव धंदेवाईक झाले. १९८३ सालीं व्हेनेझुएलाच्या राफाएल ओरोनो यांस जिंकून त्यांनीं जगज्जेतेपद मिळविलें. परंतु पुढच्याच वर्षीं जपानच्या जिरो वातानाबे यांनीं त्यांस पराभूत केलें. कालांतरानें लोकांनीं त्यांस पार्लमेंटांत निवडून दिलें.

शेवटीं मज्जातंतूंच्या असाध्य विकारानें त्यांस गांठलें. ज्या बाहुबळावर त्यांनीं नांव मिळविलें, तेंच बळ दिवसेंदिवस क्षीण होत गेलें. २००६ च्या ऑगस्टांत त्यांचें देहावसान झालें.

बाहुबळ ओसरतें, विजेतेपदही दुसऱ्याकडे जातें. परंतु पाडलेली वाट मागें राहते. उपांत्य फेरींत हरलेल्या त्या तरुणानेंच आपल्या देशबांधवांस ती वाट दाखविली, हें आम्हीं विसरूं नये.