अशनींचा वाद आणि पुण्याची वेधशाळा

लघुग्रहाच्या पृष्ठभागावर कोणती खनिजे आहेत, हे त्याच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटावरून ओळखता येते. १९७० मध्ये व्हेस्टा या लघुग्रहाचा वर्णपट पृथ्वीवर पडलेल्या एका जातीच्या अशनींशी जुळला. इतोकावा या लघुग्रहावरची धूळ २०१० मध्ये जपानी यानाने पृथ्वीवर आणली, तेव्हा प्रत्यक्ष कणांनीच या पद्धतीची साक्ष दिली. आकाशातील प्रकाशात अशनींचे द्रव्य शोधण्याची ही खटपट मात्र बरीच जुनी आहे, आणि तीत पुण्याचाही वाटा आहे.

तो वाटा कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८) यांचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या या पारशी अध्यापकाला वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींनी ५,००० रुपये दिले. सरकारने तेवढीच भर घातली. १८८४ मध्ये ते इंग्लंडला गेले असता नॉर्मन लॉकियरप्रभृतींनी त्यांना वेधशाळाच उभारण्याचा सल्ला दिला. त्यासाठी नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात आले. १८८८ मध्ये वेधशाळा सिद्ध झाली. तिची २० इंची दुर्बीण त्या वेळी देशात सर्वांत मोठी होती.

याच सुमारास लॉकियर यांनी एक धाडसी सिद्धांत मांडला होता. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणारे अशनींचे थवे, आणि त्यांच्या वर्णपटातील ठळक हिरवी रेषा ही अशनींतील मॅग्नेशियमची खूण, असे त्यांचे म्हणणे. ते खरे असते, तर ती रेषा एका बाजूला पुसट होत गेलेली दिसावयास हवी होती. नायगमवाला यांनी मृगातील तेजोमेघावर दुर्बीण रोखली. रेषा दोन्ही कडांनी रेखीवच दिसली. १८९१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच मताविरुद्ध तिचा हा कौल गेला! गुरुवचनाला प्रमाण मानणाऱ्या आपल्या विद्यापीठीय जगात ही गोष्ट किरकोळ नव्हे. ती रेषा ऑक्सिजनची असल्याचे बोवेन यांनी पुढे १९२७ मध्ये दाखविले.

१८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर विजयदुर्गला उतरले होते. नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे स्वतंत्रपणे वेध घेतले.

वेधशाळेला भांडवल मिळाले, वारस मिळाला नाही. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला रवाना करण्यात आली.