खिळा, टीपकागद आणि मेलिटाबाई

सबमिशनच्या आदल्या रात्रीच बंद पडायचं, हे यंत्रांना कोण शिकवतं देव जाणे. मित्राच्या फ्लॅटवर आम्ही चौघं जागायच्या तयारीनं जमलो होतो. त्याच्या मामांनी वापरून वापरून कंटाळल्यावर देऊन टाकलेला एक जुना ड्रिप कॉफी मेकर तिथे होता. टाकीत पाणी भरलं, कागदी फिल्टर लावला, पूड टाकली, बटण दाबलं. लाल दिवा लागला, आतून गुरगुर ऐकू आली, आणि दहा मिनिटांत काचेच्या भांड्यात जमले जेमतेम दोन घोट. मग तेही थांबलं.

पूड फार बारीक असली की फिल्टरचा कागद चोंदतो, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून कागद काढून टाकला आणि नवा लावला. परिणाम शून्य. म्हणजे गडबड कागदात नव्हती, यंत्राच्या पोटात कुठेतरी होती. त्या रात्री शेवटी पातेल्यात दूध तापवून, जायफळ किसून घरच्यासारखी कॉफी झाली आणि सबमिशनही झालं. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. चोंदणारा भाग चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा आणि दहा सेकंदांत मोकळं व्हायचं, ही सोय मुळात सुचली कुणाला?

उत्तर आहे एका जर्मन गृहिणीचं. तिचं नाव आजही जगभरच्या सुपरमार्केटमध्ये फिल्टरच्या लाल-हिरव्या पाकिटांवर दिसतं, पण ते एखाद्या खऱ्या बाईचं नाव आहे हे अनेकांच्या गावीही नसतं.

अमाली आउगुस्ट मेलिटा लिबशर यांचा जन्म ३१ जानेवारी १८७३ चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. वडील पुस्तकांच्या धंद्यातले. पुढे ह्यूगो बेंट्स यांच्याशी लग्न झालं आणि त्या मेलिटा बेंट्स झाल्या. विली आणि होर्स्ट ही दोन मुलं, शहरातला भाड्याचा फ्लॅट, मध्यमवर्गीय संसार. वयाच्या पस्तिशीपर्यंत त्यांच्या आयुष्यात इतिहासात नोंद व्हावी असं काही घडलेलं नव्हतं. रोजची कॉफी मात्र घडत होती आणि ती त्यांना अजिबात आवडत नव्हती.

तेव्हाची कॉफी कशी होती ते आधी बघू. सर्वात सोपी पद्धत म्हणजे पूड पाण्यात उकळायची आणि गाळ खाली बसायची वाट बघायची. तो पूर्ण कधीच बसायचा नाही. शेवटचा घोट घेतला की जिभेवर रेती. शिवाय पूड पाण्यात जितकी जास्त वेळ राहील तितका कडवटपणा वाढत जातो. दुसरी सोय पर्कोलेटरची. त्यात तेच पाणी पुन्हा पुन्हा पुडीवरून फिरायचं, म्हणजे कडवटपणाची पक्की हमी. तिसरा मार्ग कापडी गाळणीचा. आपल्याकडे चहाचं फडकं ज्यांनी धुतलंय त्यांना पुढचं सांगायला नको. कॉफीतलं तेल कापडाच्या धाग्यांत मुरतं, बारीक कण अडकतात, दर वेळी चोळून धुवावं लागतं, आणि धुतलं तरी कालच्या कॉफीचा वास आजच्या कपात येतोच. वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात ठिबकणारी दोन मजली भांडी फ्रान्समध्ये शंभरेक वर्षं आधीपासून होती. म्हणजे ठिबकण्याची कल्पना मेलिटाबाईंची नाही. त्यांची अडचण होती जाळीची. भोकं मोठी असली तर गाळ कपात येणार, लहान असली तर ती चोंदणार. मग बसा ते भांडं घासत.

१९०८ मध्ये त्यांनी स्वयंपाकघरातलं एक पितळी भांडं घेतलं आणि खिळ्यानं त्याच्या बुडाला भोकं पाडली. चांगल्या भांड्याचं वाटोळं केलं म्हणून घरात कुणी बोललं असेल का, याची मला फार उत्सुकता आहे. मग त्या थोरल्या विलीच्या शाळेच्या वहीकडे वळल्या. तेव्हा मुलं शाईनं लिहायची, त्यामुळे वहीत टीपकागद असायचा. तो काढला, गोल कापला, भोकांवर बसवला. वर कॉफीची पूड, त्यावर गरम पाणी. खाली जी कॉफी उतरली ती स्वच्छ होती, तिच्यात गाळ नव्हता आणि कडवटपणाही कमी होता. काम झाल्यावर कागद पुडीसकट उचलला आणि टाकून दिला. भांडं फक्त विसळलं.

इथे जरा थांबतो, कारण इंजिनीअरिंगवाल्यांना यातली खरी गंमत लगेच कळेल. गाळणी आहे म्हटल्यावर ती चोंदणारच, तो तिचा धर्मच आहे. कधीच न चोंदणारी गाळणी शोधण्याच्या भानगडीत मेलिटाबाई पडल्या नाहीत. त्यांनी गाळणीचे दोन भाग केले. एक भांडं, जे टिकतं. दुसरा कागद, जो बिघडण्यासाठीच आहे आणि हातात सहज येतो. आपल्या गाडीचा एअर फिल्टर किंवा स्वयंपाकघरातल्या वॉटर प्युरिफायरची कँडल याच विचारावर चालते. कागदाचा आणखी एक फायदा तर मेलिटाबाईंच्या काळात कुणाला माहीतही नव्हता. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा एक घटक असतो, तो रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतो. कागद त्यातला बराचसा भाग अडवून धरतो.

इतक्यावर थांबल्या असत्या तर ती बेंट्सांच्या घरातली एक युक्ती म्हणून राहिली असती. शेजारच्या दोन-चार बायकांनी उचलली असती आणि गोष्ट संपली असती. आपल्या आयांच्या आणि आज्यांच्या अशा किती युक्त्या कुणाच्याही नावाशिवाय विरून गेल्या, त्याचा हिशोब नाही. मेलिटाबाईंनी मात्र त्या १९०८ च्या उन्हाळ्यातच बर्लिनच्या पेटंट ऑफिसात आपल्या फिल्टरची अधिकृत नोंद करून घेतली. डिसेंबरच्या १५ तारखेला ड्रेस्डेनमध्ये कंपनी नोंदवली, नाव ठेवलं एम. बेंट्स. त्यातला एम म्हणजे मेलिटा. जर्मनीतल्या बायकांना मतदानाचा हक्क बजावायला अजून दहा वर्षं वाट बघायची होती, त्या काळातली ही गोष्ट. सुरुवातीचं भांडवल एक मार्कसुद्धा नव्हतं, काही फुटकळ फेनिग होते. कारखाना म्हणजे राहत्या फ्लॅटमधली एक खोली. कामगार म्हणजे घरचीच माणसं. ह्यूगो नवऱ्याच्या भूमिकेतून थेट बायकोच्या कंपनीत आले, आणि मुलं हातगाडीवर खोकी लादून माल पोचवायची.

पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, लाइपत्झिगच्या जत्रेत त्यांनी स्टॉल लावला. लाइपत्झिगची जत्रा म्हणजे आकाशपाळणे नव्हेत. व्यापाऱ्यांची ती फार जुनी आणि मोठी उलाढाल. तिथे बाराशेच्या आसपास फिल्टर विकले गेले. एका खोलीतल्या कंपनीसाठी ही संख्या म्हणजे आनंद आणि टेन्शन दोन्ही. १९११ मध्ये हेर्टा ही मुलगी झाली. धंदा आणि तान्हं बाळ दोन्ही एकाच वेळी वाढत होतं.

आणि मग १९१४ उजाडलं. पहिल्या महायुद्धानं या धंद्याची एकेक वीट काढून घेतली. धातू झेपेलिनसाठी सरकारजमा होऊ लागला, म्हणजे भांडी बंद. कागदावर रेशन आलं, म्हणजे फिल्टर बंद. समुद्राची नाकेबंदी झाली आणि कॉफीच्या बियाच येईनाशा झाल्या, म्हणजे मुळावरच घाव. ह्यूगोंना सैन्यात बोलावून रोमानियाला पाठवलं. तीन मुलं आणि गिऱ्हाईक नसलेली कंपनी असं सगळं मेलिटाबाईंच्या एकटीच्या अंगावर आलं. त्यांनी पुठ्ठ्याची खोकी विकून घर चालवलं. चरित्रांमध्ये या चार वर्षांना सहसा एक-दोन ओळीच मिळतात. मला मात्र टीपकागदाच्या त्या सकाळपेक्षा ही खोक्यांची वर्षं जास्त मोठी वाटतात. डोक्यात कल्पना चमकणं एक वेळ सोपं. कॉफीच नसलेल्या देशात कॉफी फिल्टरची कंपनी बुडू न देणं, हे काम वेगळ्याच दमाचं आहे.

युद्ध संपल्यावर गाडी परत रुळावर आली आणि सुसाट सुटली. नकला इतक्या होऊ लागल्या की कंपनीनं १९२५ मध्ये पाकिटाला ते ओळखीचं लाल-हिरवं रूप दिलं. आज आपण याला ब्रँडिंग म्हणतो. १९२० च्या दशकाच्या शेवटी कामगारांची संख्या ८० वर गेली, दोन पाळ्यांत काम चालू लागलं आणि ड्रेस्डेनमधली जागा पुरेना. १९२९ मध्ये कंपनीनं बाडबिस्तारा उचलला आणि वेस्टफालियातल्या मिंडेन या गावी नेला.

तिथे सूत्रं हळूहळू मुलांकडे गेली. पण मेलिटाबाई घरी बसल्या नाहीत. कामगारांचं काय चाललंय याकडे त्यांचं लक्ष असायचं. ख्रिसमसचा बोनस सुरू झाला, वर्षाची रजा सहा दिवसांवरून पंधरा दिवसांवर गेली, आठवड्याचं काम पाच दिवसांवर आलं. ही १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. इंटर्नशिपला शनिवारीही बोलावतात म्हणून कुरकुरणाऱ्यांनी नोंद घ्यावी. त्याच दशकात फिल्टरचा आकारही बदलला. गोल चकतीची जागा खाली निमुळत्या होत जाणाऱ्या भांड्यानं आणि त्यात बसणाऱ्या कागदी पिशवीनं घेतली. आजचा फिल्टर साधारण तोच.

या गोष्टीला एक काळा भागही आहे आणि तो वगळणं बरोबर नाही. कंपनी चालवणारा धाकटा मुलगा होर्स्ट नाझी पक्षात होता आणि दुसऱ्या महायुद्धात कारखाना युद्धाच्या मालासाठी राबला. युद्ध हरल्यावर दोस्तराष्ट्रांनी मिंडेनची मुख्य इमारत ताब्यात घेतली आणि ती कंपनीला परत मिळायला बरीच वर्षं गेली. फिल्टर पुन्हा सुरू झाले ते दुसऱ्या जागी, १९४८ च्या सुमारास. म्हणजे पंचाहत्तरीच्या मेलिटाबाईंनी आपली कंपनी दुसऱ्यांदा शून्याजवळून उठताना पाहिली. २९ जून १९५० रोजी त्या गेल्या, मिंडेनपासून जवळच, होल्त्सहाउझेन इथे.

एक गोष्ट बघायची राहून गेली. १९५४ मध्ये जर्मनीतच गॉटलोब विडमान यांनी विजेवर चालणाऱ्या ड्रिप कॉफी मेकरचं पेटंट घेतलं. यंत्राचं नाव विगोमॅट, त्यांच्याच नावावरून. मेलिटाबाईंच्या कागदावर पाणी ओतायचं काम आता यंत्र करू लागलं. आणि इथेच आमच्या त्या रात्रीच्या दुखण्याचं मूळ आहे.

या मशीनमध्ये पंप नसतो, हे मला माहीत नव्हतं. टाकीतलं पाणी एका छोट्या व्हॉल्व्हमधून खालच्या नळीत उतरतं. नळी तापते, पाण्याची वाफ होते, ती पाण्याला वर ढकलते. व्हॉल्व्ह पाण्याला मागे जाऊ देत नाही, म्हणून ते उसळ्या मारत वरच्या शॉवरपर्यंत पोचतं. ती गुरगुर या उसळ्यांचीच. आता आपलं पाणी बोअरवेलचं किंवा टँकरचं असेल तर गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर बसतो, तसाच तो या नळीत बसतो. भोक अरुंद होत जातं. मेलिटाबाईंनी चोंदणारा भाग हातात आणून ठेवला होता. विजेनं एक नवा चोंदणारा भाग तयार केला आणि तो बंद डब्याच्या आत लपवून ठेवला.

तिथे कागदासारखं काही काढून फेकता येत नाही, विरघळवावं लागतं. आम्ही दुसऱ्या दिवशी वाण्याकडून लिंबूसत्व आणलं. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे घालून विरघळवलं आणि टाकीत ओतलं. फिल्टर आणि पूड काहीच लावलं नाही. मशीन सुरू केलं, खाली थोडं पाणी पडायला लागल्यावर बंद केलं आणि अर्धा तास तसंच ठेवलं. परत सुरू केल्यावर खाली पांढरे कपचे यायला लागले, ते बघून उगाचच समाधान वाटलं. थर जुना होता म्हणून हाच प्रकार दोनदा केला. लिंबूसत्व नसेल तर पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळूनही चालतं, फक्त वास दोन दिवस घर सोडत नाही. मग प्लग काढला, यंत्र पूर्ण गार होऊ दिलं आणि वरच्या शॉवरची भोकं टाचणीनं मोकळी केली. आतल्या नळीत तार खुपसायचा मोह मात्र टाळा, व्हॉल्व्ह गेला तर मशीन खरंच गेलं. शेवटी नुसत्या पाण्याच्या तीन फेऱ्या, आंबटपणा जाईपर्यंत.

चौथ्या फेरीला कागद लावला, पूड टाकली. भांडं भरायला सहा मिनिटं लागली. पहिला कप मामांना फोटो काढून पाठवला, तर त्यांनी मशीन परत मागितलंय.