पटावर नसलेली विद्यार्थिनी

माद्रिदचं कोम्प्लुतेन्से हे स्पेनमधल्या सर्वांत मोठ्या विद्यापीठांपैकी एक. १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस यांनी अल्काला गावी त्याचा पाया घातला, १८३६ मध्ये ते माद्रिदला हललं. आज तिथं मुलांपेक्षा मुली जास्त शिकतात. मला मात्र त्याचं नाव निघालं की आठवते कोन्सेप्सियोन आरेनाल. ती तिथं शिकली, पण पटावर तिचं नाव कधी लागलंच नाही.

१८२० चा तिचा जन्म, फेरोल बंदरातला. वडील लष्करात होते. राजाच्या मनमानीला विरोध केला म्हणून तुरुंगात गेले आणि ती लहान असतानाच वारले. आईला वाटे, पोरीनं रीतभात शिकावी, चांगलं घर मिळावं. पोरीला शिकायचा होता कायदा! १८४१ मध्ये आई गेली आणि अडवणारं कुणी उरलं नाही. मग तिनं केस कापले, अंगात लांब कोट, वर झगा, डोक्याला टोपी असा पुरुषी वेश केला आणि थेट कायद्याच्या वर्गात जाऊन बसली. बिंग फुटल्यावरही तिला बसू दिलं, असं सांगतात. पण फक्त ऐकायला. परीक्षा नाही, पदवी नाही.

पुढे वकील नवरा मिळाला, तोही बायकोच्या लिखाणाचं कौतुक असणारा. पण तो लवकर गेला. पदरी लहान मुलं. १८६० मध्ये एका सरकारी अकादमीच्या निबंध स्पर्धेसाठी तिनं दानधर्मावर ग्रंथ लिहिला आणि पाठवला कुणाच्या नावानं? दहा वर्षांच्या मुलाच्या! आपल्याकडे मुलं आईबापाचं नाव लावतात, इथं आईनं लेकाचं लावलं. खरं कळल्यावरही अकादमीनं बक्षीस तिलाच दिलं. मला या गोष्टीचं हसूही येतं आणि रागही.

मग बायकांच्या तुरुंगांची पाहणी करण्याचं सरकारी काम मिळालं. कैद्यांना कायदा सोप्या भाषेत कळावा म्हणून तिनं पत्रांचं पुस्तक काढलं आणि १८६५ मध्ये ते काम गेलं. ती काही गप्प बसली नाही. १८६९ च्या पुस्तकात तिनं बाईचा मेंदू कमी प्रतीचा म्हणणाऱ्या डॉक्टरांनाच धारेवर धरलं.

१८९३ मध्ये ती विगोला वारली. मुलींना खास परवानगी न काढता विद्यापीठात नाव घालता येईल, असा हुकूम निघाला १९१० मध्ये. तारीख होती ८ मार्च. महिला दिन या तारखेला नेमला गेला तो नंतर.