फुटबॉलचे गुरुजी : सय्यद अब्दुल रहीम

यंदाच्या स्मरणिकेत आम्ही एका शिक्षकाचे चरित्र सादर करीत आहोत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. परंतु १९५६ पर्यंत आपला मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच्या राजधानीचे ते सुपुत्र. म्हणून शिरूर अनंतपाळकरांना ते परके नव्हेत.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेस झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असता ते फुटबॉल खेळू लागले. पुढे त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला, शारीरिक शिक्षणाची पदविका मिळविली आणि हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपदही सांभाळले. त्यांच्या शिकवणुकीखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा ओळीने पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला.

त्यांची पद्धत हाडाच्या शिक्षकाची होती. विद्यार्थ्याच्या कच्च्या विषयाकडे अधिक पाहावे, तसे ते खेळाडूच्या कच्च्या पायाकडे पाहात. चेंडू एकट्याने खेळवीत न बसता सोबत्यास त्वरित द्यावा, हा त्यांचा दुसरा पाठ.

भारतीय संघाचे शिक्षक म्हणून १९५१ साली दिल्लीत इराणला नमवून त्यांनी आशियाई सुवर्णपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकीत मात्र बहुतांशी अनवाणी खेळणारा आपला संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. त्या अपयशाने ते खचले नाहीत. १९५६ साली मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्यात गोमंतकीय वंशाच्या नेव्हिल डिसोझांनी तीन गोल केले. भारताचा क्रमांक चौथा आला.

१९६२ साली जकार्तास जाताना कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. प्रेक्षकही आपल्या विरोधात होते. डोक्यास टाके पडलेल्या जर्नेलसिंगांना त्यांनी बचावातून आघाडीस आणले. अंतिम सामन्यात त्यांनी एक व प्रदीपकुमार बॅनर्जींनी एक गोल केला, आणि दक्षिण कोरियावर २-१ असा विजय मिळाला. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब निवर्तले. त्यानंतर २०२३ पर्यंतच्या एकाही आशियाई स्पर्धेत आपल्याला फुटबॉलचे सुवर्णपदक लाभले नाही.

त्यांचे चिरंजीव शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात होते. वायुदलातील अधिकारी, आंतरराष्ट्रीय पंच व प्रशिक्षक अशी त्यांची कारकीर्द झाली. २०२१ साली तेही निवर्तले.

शिक्षक असताना आम्हीही खेळणाऱ्या मुलांना दटावून पटांगणातून वर्गात आणले आहे. हे चरित्र लिहिताना त्याची रुखरुख वाटते. खेळात रमणारा मुलगा वाया गेला, असे आपल्या घरोघरी म्हटले जाते. तसे म्हणण्यापूर्वी पालकांनी या गुरुजींचे स्मरण करावे, हीच नम्र विनंती.